नजरेच्या टप्प्यात, कानाच्या पलीकडे

तालुक्याच्या कुठल्याही गावातली नगरपालिकेची बाग पाहा. एका कोपऱ्यात घसरगुंडी, दोन झोपाळे आणि ‘बारा वर्षांवरील मुलांनी खेळण्यांवर बसू नये’ अशी पाटी. दुसऱ्या कोपऱ्यात नाना-नानी पार्क : सावलीतली बाकं, गुडघ्यांना सोसेल असा सपाट रस्ता, जमलं तर हास्यक्लबचा फलक. मधल्या पट्ट्यात कुणाच्या तरी निधीतून आलेली खुली व्यायामशाळा. तिथे पहाटे मधुमेही गृहस्थ घाम गाळतात आणि संध्याकाळी चार-पाच वर्षांची पोरं लोंबकळतात. तेरा ते अठरा वयाची मुलं या बागेत दिसत नाहीत. ती कुंपणाच्या भिंतीवर, पाय बाहेर सोडून बसलेली असतात. रखवालदाराला वाटलं की तो त्यांना तिथूनही उठवतो.

ही काही कुणी मुद्दाम केलेली व्यवस्था नाही. बालपणासाठी गावानं जागा राखली, म्हातारपणासाठी राखली. मधली पाच-सहा वर्षं कुणाच्या ध्यानातच आली नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ या वयाची सुमारे २५ कोटी मुलं-मुली होती, म्हणजे साधारण दर पाच माणसांमागे एक. एवढ्या मोठ्या वर्गाला सार्वजनिक जागेत उभं राहण्याचंही काही कारण द्यावं लागतं. क्लासला चाललोय, दूध आणायला आलोय, मित्राची वाट बघतोय. कारण नसेल तर तो ‘टोळकं करून उभा’ ठरतो, आणि मुलगी असेल तर तिच्या घरी फोन जातो.

कायदा याबाबतीत गावापेक्षा उदार आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येण्याजोगे अठरा विषय आहेत आणि उद्यानं, बागा, क्रीडांगणं हा त्यांतला एक आहे. त्याच वर्षी भारतानं संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करारनामा स्वीकारला. त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती, फुरसत आणि खेळ हा मुलाचा हक्क मानला आहे आणि मूल म्हणजे अठरा वर्षांखालची कुणीही व्यक्ती. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलालाही फुरसतीचा हक्क आहे. तो त्यानं कुठे बजावायचा, हे मात्र कुणी सांगत नाही.

हा प्रश्न बारमाही असला तरी टोकाला पोचतो तो उन्हाळ्यात. परीक्षा संपल्यापासून शाळा उघडेपर्यंत दीड महिना जातो. विदर्भात उन्हामुळे शाळा आणखी उशिरा भरतात. दहावीच्या मुलांची तर गोष्टच वेगळी. त्यांची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि अकरावीच्या वर्गात बसेपर्यंत जून उलटून जातो. आयुष्यात पुन्हा कधी मिळणार नाही अशी ही तीन महिन्यांची सुट्टी. दोन-तीन खोल्यांच्या घरात एकच कूलर, त्याच्यासमोर आजी आडवी झालेली, टीव्हीवर मालिकेचा पुनःप्रसारित भाग. दुपारी चारनंतर त्या घरात पंधरा वर्षांच्या मुलाचा जीव रमेल असं त्याच्या आईलाही वाटत नाही. ‘जा, कुठेतरी उंडारून ये, पण उन्हातान्हात फिरू नको’ असं ती म्हणते. त्या ‘कुठेतरी’चा पत्ता गावात नाही.

आता या वयाला नेमकं काय हवं असतं? करमणूक म्हणाल तर ती खिशातल्या फोनमध्ये भरपूर आहे. हवी असते ती आपल्याच वयाच्या चार-सहा जणांची सोबत, आणि अशी जागा की जिथे मोठी माणसं आहेत, पण ती आपल्यासाठी तिथे आलेली नाहीत. त्यांना आपण दिसतो, आपलं बोलणं मात्र त्यांना ऐकू जात नाही. नजरेच्या टप्प्यात आणि कानाच्या पलीकडे. किशोरवयातल्या मुलांसाठी याहून चांगली जागा नाही, असं माझं म्हणणं आहे. नजर असली की थट्टेची मारामारी होत नाही आणि कुणी बुडू लागला तर हात पोचतो. कान नसले की मनातलं बोलता येतं. आपल्या गावांत अशा जागा होत्या, आपसूक तयार झालेल्या. त्या एकेक करून गेल्या. त्यांच्या जागी जे आलं त्यात एक तर नजर आणि कान दोन्ही आहेत, नाही तर दोन्हीही नाहीत.

विहिरीचंच उदाहरण घ्या. मळ्यातल्या घडीव दगडी विहिरीवर पोहायला शिकणं हा उन्हाळ्याच्या सुट्टीचा गाभा होता. नवख्याच्या कमरेला दोर आणि पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका; पुढे त्याची जागा पत्र्याच्या बंद डब्यानं आणि मग ट्रकच्या ट्यूबनं घेतली. दोराचं टोक मोठ्या भावाच्या हातात. चार दिवसांनी ओंडका लहान व्हायचा, आठव्या दिवशी सुटायचा, आणि मग काठावरून सूर की मुटका एवढाच प्रश्न उरायचा. मुटका असा मारायचा की पाणी वर धावेवर उभ्या असलेल्याच्या अंगावर उडालं पाहिजे. हे चालू असताना मळ्याचा मालक पलीकडे दारं धरत असायचा, बाया कपडे धूत असायच्या, कुणी बैलांना पाणी दाखवायला आलेलं असायचं. यांतला एकही माणूस पोरांवर लक्ष ठेवायला आलेला नव्हता. तरी पाण्यातून नेहमीचा आरडाओरडा येईनासा झाला की मालक हातातलं खोरं टाकून काठाशी यायचा. विहिरीच्या तळाशी पोरं कुठल्या सिनेमाबद्दल आणि कुठल्या मास्तरांबद्दल काय बोलत होती, ते त्याला कधी कळलं नाही आणि कळायची गरजही नव्हती.

पोहता येणं ही तेव्हा ऐच्छिक गोष्टही नव्हती. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पोहायच्या भीतीनं लपून बसलेल्या श्यामला त्याची आई झोडपून विहिरीवर धाडते. एरवी इतकी हळवी असलेली ही माउली त्या प्रसंगात माघार घेत नाही. आपल्या मुलाला लोकांनी भित्रा म्हणावं हे तिला खपत नाही.

मग बोअर आले, पाण्याची पातळी खाली गेली, एप्रिलमध्ये विहिरींचे तळ दिसू लागले. काही विहिरी कचऱ्यानं भरल्या, काहींवर जाळी बसली. पोहण्याची ओढ मात्र आटली नाही. ती शेततळ्याकडे गेली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि ज्या गावात उन्हाळ्यात पाण्याचा थेंब दिसत नव्हता तिथे निळंशार पाणी दिसू लागलं. शेतीला त्याचा उपयोग झाला, यात वाद नाही. पण प्लॅस्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं आणि दगडी विहीर यांत एक जीवघेणा फरक आहे. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, बोटं रोवायला जागा असते. शेततळ्याची बाजू उतरती, ओली आणि शेवाळलेली. चांगला पोहणाराही काठाला आला की पाय घसरतो, हाताला काही लागत नाही आणि वर येण्याच्या धडपडीतच दमछाक होते. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच आत जातो. म्हणून बातमी बहुधा एका मुलाची नसते. दोन सख्खे भाऊ असतात, नाही तर तीन मित्र.

फरक एवढ्यावर संपत नाही. शेततळ्यावर माणूसच नसतो. पूर्वी पाणी द्यायचं तर मोटेवर किंवा पंपावर उभं राहावं लागे. आता ठिबकचा पंप मोबाईलच्या स्टार्टरवर घरबसल्या चालू होतो. शेतकऱ्याचे कष्ट वाचले, हे उत्तमच झालं. पण भर दुपारी त्या पाण्याशेजारी काम करणारं, कान टवकारून धावत येणारं माणूस नाहीसं झालं. देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. त्यांत सुट्टीतली मुलं किती, हे मे महिन्यातली जिल्ह्याची पानं वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. यावर आपला उपाय ठरलेला आहे : ‘येथे पोहण्यास सक्त मनाई’ असा फलक. मुलं फलकाला कपडे अडकवून पाण्यात उतरतात.

विहिरीइतकीच चांगली, आणि तिच्यापेक्षा अधिक सार्वजनिक जागा म्हणजे नदीचा घाट. वाईचं उदाहरण बोलकं आहे. २०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती. गावाला कृष्णेकाठी एकामागोमाग एक घाट आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. पुराचं पाणी फुटावं म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली. बांधणाऱ्यांच्या मनात स्नानसंध्या होती, पूर होता, पुण्य होतं. पंधरा वर्षांची मुलं नव्हती. तरी संध्याकाळी त्या पायऱ्यांची विभागणी पाहावी. वरच्या पायऱ्यांवर देवाला आलेली कुटुंबं, फुलवाल्या, हवा खायला आलेली म्हातारी माणसं. पाच-सहा पायऱ्या खाली मुलांचा घोळका. देवळाच्या अंगाला मुलींचा, कारण ‘गणपतीला जाऊन येते’ या वाक्याला कुठल्याही घरातून नकार येत नाही. मुलाचा काका वरून त्याला पाहतो, मुलगा काकाला पाहतो, दोघंही ओळख दाखवत नाहीत. तिकीट नाही, वेळेचं बंधन नाही, वयाची पाटी नाही. युवककल्याणाच्या कुठल्याही योजनेत ही जागा बसत नाही आणि म्हणूनच ती काम करते. नदीचं पाणी नासलं, जलपर्णी वाढली, वर्दळीच्या दिवशी काठावर गाड्या लागल्या, की या व्यवस्थेचं काय होतं, हा विचार नदी सुधारणेच्या आराखड्यात कधी नसतो. तो असायला हवा.

जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनं १९६१ मध्ये मोठ्या शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात हीच गोष्ट पदपथांच्या संदर्भात मांडली होती. तिकडचे नियोजनकार मुलांना रस्त्यावरून उचलून बागेत न्यायला निघाले होते. तिनं सांगितलं की असं करताना तुम्ही मुलांना पुष्कळ मोठी माणसं असलेल्या जागेतून काढून जवळपास कुणीच नसलेल्या जागेत नेता. गजबजलेल्या पदपथावर दुकानदार, गिऱ्हाइकं, ये-जा करणारे सगळे आपापल्या कामात असतात आणि जाताजाता मुलांवर त्यांची नजर असते. ती न्यूयॉर्कबद्दल लिहीत होती. आपल्याकडच्या रसवंतीला ते तंतोतंत लागू पडतं. घुंगरांच्या आवाजात चरक फिरतोय, लाकडी बाकांवर एकेक ग्लास समोर ठेवून पोरं अर्धा तास बसलीत, शेजारच्या बाकावर बाजाराला आलेलं कुटुंब आहे आणि मालक गल्ल्यावरून सगळं पाहतोय. उन्हाळ्यात मुलींनाही निर्धास्तपणे बसता येईल अशी गावातली बहुधा ही एकमेव खाजगी जागा.

तालीमही अशीच होती. वस्ताद असायचा, मातीला पाणी आणि तेल लागायचं, पण तालमीच्या ओट्यावर रात्री उशिरापर्यंत जी बैठक चालायची तिच्याशी वस्तादाला देणंघेणं नसायचं. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेली व्यायामशाळा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून नावारूपाला आली आणि १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्तानं आपले खेळाडू तिकडे घेऊन गेली. पण तिच्यासारख्या संस्थांचं खरं काम रोज संध्याकाळी गावोगाव चालायचं. संघाची शाखा असो की १९४१ पासूनचं राष्ट्र सेवा दल, विचार कितीही विरुद्ध असले तरी दोघांनीही ओळखलं होतं, की संध्याकाळी सहा वाजता या वयाच्या मुलाला मैदान आणि सोबती लागतात. ते जो देईल त्याचं तो ऐकतो. ज्या गावात आज ते कुणीच देत नाही, तिथे निवडणुकीच्या दिवसांत पेट्रोल आणि जेवण देणारा ते देतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाही तर हा लेख जुन्या काळाच्या आरतीत मोडेल. त्या जुन्या जागा सगळ्यांच्या नव्हत्या. मळ्यातली विहीर कुणाची तरी होती आणि तिच्यात कुणाच्या मुलानं उतरायचं हे जात ठरवत होती. पारावर कुणी बसायचं आणि कुणी खाली उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळानं १९२३ मध्ये मंजूर केला, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी प्रत्यक्ष पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. तेव्हा ‘आमच्या वेळी कसं मोकळं होतं’ असं म्हणणाऱ्यानं, ते कुणासाठी मोकळं होतं, हेही सांगितलं पाहिजे. मुली तर या आठवणींत जवळपास नाहीतच. याचा अर्थ एवढाच की जुन्या जागा होत्या तशा परत आणून भागणार नाही. त्यांतलं नजर आणि कान यांचं गणित घ्यायचं आणि जागा मात्र नगरपालिकेची, म्हणजे हक्कानं सगळ्यांची करायची. महाडच्या अनुभवातला दुसराही धडा लक्षात ठेवायचा : नुसत्या ठरावानं जागा खुली होत नाही.

आजच्या जागांकडे वळू. पहिला प्रकार संपूर्ण देखरेखीचा. उन्हाळी शिबिरं आठवी-नववीपर्यंत चालतात. पुढच्या मुलांना ती पोरकट वाटतात. नववी संपली की दहावीची ‘व्हेकेशन बॅच’ सुरू होते आणि सुट्टीतच शाळा भरते. क्लासच्या दारावर कॅमेरा, हजेरीचा संदेश आईच्या फोनवर. दुसरा प्रकार विकतचा. तालुक्याच्या गावात आता जाळी लावलेली टर्फ आली आहेत, दिव्याखाली रात्री अकरापर्यंत क्रिकेट चालतं. मला टर्फचं वावडं नाही. भर उन्हाळ्यात रात्री खेळण्याची सोय नगरपालिकेनं केली नाही, ती एखाद्या धडपड्या तरुणानं बापाच्या जमिनीवर केली. पण ती तासानं मिळते. डोई पन्नास-साठ रुपये काढणं ज्याला रोज जमत नाही तो चौथ्या दिवसापासून येत नाही आणि का येत नाही हेही सांगत नाही. तास संपला की पुढची टीम दारात उभी असते. खेळून झाल्यावर मैदानातच पाय पसरून तासभर बसणं, जो खेळाइतकाच महत्त्वाचा भाग, त्याला तिथे जागा नाही.

तिसरा प्रकार नजरेआडचा. शेततळं त्यातच आलं, गावाबाहेरची अर्धवट इमारत आली, धरणाच्या फुगवट्याचा निर्जन काठ आला आणि पडदे लावून कप्पे केलेले कॅफेही आले. या कॅफेंवर पोलिसांच्या धाडी पडतात, संघटना तोडफोड करतात आणि पालकांना धीर येतो. तिथे अल्पवयीन मुलींच्या बाबतीत गंभीर गुन्हे घडल्याच्या तक्रारी आहेत, तेव्हा पोलिसांनी लक्ष घालणं योग्यच. पण धाड पडल्यावर कुणी हा प्रश्न विचारत नाही, की चहा पीत समोरासमोर बसून बोलायला उजेडातली एकही जागा गावात नसताना ही मुलं पडद्यामागे जाणार नाहीत तर जाणार कुठे? उघड्यावर बसलेल्या मुला-मुलीला आपण हुसकतो, मग ती आडोसा शोधतात, मग आपण आडोसा फोडतो.

मुलींच्या बाबतीत तर जागेइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. जळगाव, अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. सकाळी दहापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत बाहेर पडणं शक्य नाही. सात वाजता दिवेलागण, आणि दिवेलागणीच्या आत घरात ही मुलींसाठी शिस्त. उरला तास-दीड तास. त्यातच स्वयंपाकाला हात लावायचा, पाहुणे आलेले असतात, पाणी भरायचं असतं. मुलाचा उन्हाळा सातनंतर सुरू होतो आणि मुलीचा सातला संपतो. मग तिच्या वाट्याला काय येतं? आईबरोबर शतपावली, चैत्रगौरीची हळदीकुंकवं, पाणीपुरीच्या गाडीपाशी दहा मिनिटं, आणि क्लास सुटल्यावर स्कूटी स्टँडला लावून रस्त्याकडेला उभ्या-उभ्या मारलेल्या गप्पा. ते दृश्य जवळून पाहण्यासारखं असतं. चौघींपैकी एकही सीटवरून उतरत नाही, चावी लावलेलीच असते, एकीचं लक्ष घड्याळावर, एकीचं रस्त्याच्या वळणावर. निघायची तयारी दाखवत थांबायचं, म्हणजे थांबल्याचा आरोप येत नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहून, बायकांना काही कामाशिवाय रस्त्यावर रेंगाळता आलं पाहिजे, असं मुंबईच्या संदर्भात मांडलं. लहान गावात हे अधिक अवघड आहे, कारण मुंबईत निदान तुम्हाला कुणी ओळखत नाही. गावात प्रत्येक नजरेला मुलीचं नाव, आडनाव आणि वडिलांचं दुकान माहीत असतं. इथली नजर बऱ्याचदा कानाचं काम करते आणि ऐकलं नाही तेही घरी जाऊन सांगते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो, आणि ही योजना फार मोलाची आहे. पण बस स्टँडवर उतरल्यावर मुलीनं बसायचं कुठे, याचं उत्तर एसटी देऊ शकत नाही. ते गावानं द्यायचं आहे. मुली पाच-सातजणी, मग पंधरा, मग तीस अशा रोज दिसू लागल्या की नजरेतली उत्सुकता संपते. त्यासाठी पहिल्या पाच-सातजणींच्या पाठीशी नगरपालिकेनं उभं राहावं लागतं.

यावर एक आक्षेप येणार आणि तो रास्त आहे : मुलांना रिकामं सोडलं की ती बिघडतात, त्यांना कशात तरी गुंतवलंच पाहिजे. आइसलँडचा दाखला यासाठी नेहमी दिला जातो. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगत होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खेळ, संगीत, नृत्य यांचे वर्ग मुलांना सहज मिळतील अशी सोय तिथे केली गेली, रिक्याविकच्या नगरपालिकेनं त्यासाठी कुटुंबांना पैसे दिले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर बंधनं घातली, पालक संध्याकाळी गटानं फिरू लागले. हे यश मोठं आहे आणि ते मला माझ्या म्हणण्याच्या विरोधात वाटत नाही. तिथे सार्वजनिक पैसा खर्च झाला, काय शिकायचं ते मुलांनी निवडलं आणि मोठी माणसं आसपास वावरू लागली. आपण त्यातलं ‘गुंतवणं’ तेवढं उचलतो आणि त्याचं बिल पालकाकडे पाठवतो. शिवाय सोळा वर्षांच्या मुलाला दिवसातून दोन तास काहीही न करता चकाट्या पिटायला मिळणं हा बिघाड नाही. मतभेद कसे सोसायचे, फजिती कशी पचवायची, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या आळीच्या मुलाशी कसं जमवून घ्यायचं, हे कुठल्याही व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात शिकवता येत नाही. ते टिवल्याबावल्या करतानाच अंगवळणी पडतं.

मग अडतं कुठे? पैशाचं कारण सांगितलं जातं, पण खरी अडचण जमिनीची आणि जबाबदारीची आहे. विकास आराखड्यात क्रीडांगणाचं आरक्षण हिरव्या रंगात दिसतं. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही की आरक्षण रद्द होतं. पालिका अनेकदा हलत नाही. जी जागा हातात असते तिथे गाळे निघतात, कारण गाळ्याचं भाडं येतं आणि मैदानाचं येत नाही. उरली शाळांची मैदानं. शिक्षणहक्क कायद्यानं प्रत्येक शाळेला मैदान बंधनकारक केलं आहे. म्हणजे गावात मैदानं आहेत. ती नेमकी सुट्टीत कुलूपबंद असतात, नाही तर लग्नाला दिलेली असतात. मुख्याध्यापकांची बाजूही खोटी नाही. उद्या कुणाचा पाय मोडला, काचा फुटल्या, सकाळी बाटल्या सापडल्या तर जाब त्यांनाच विचारला जातो. ही जबाबदारी एकट्या मुख्याध्यापकांवर टाकून मैदान उघडणार नाही. ती नगरपालिकेनं लेखी ठराव करून स्वतःकडे घ्यावी लागेल.

वाचनालयांचंही असंच. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित वाचनालयांचं जाळं गावोगाव पसरलं. आज बहुतेक वाचनालयांत गर्दी असते ती अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेच्या मुलांची, आणि तिथे श्वासाचाही आवाज होऊ द्यायचा नसतो. पंधरा वर्षांच्या मुलाला तिथे काम नाही. पण त्याच इमारतीत एखादी खोली अशी असू शकते की जिथे पंखा आहे, पिण्याचं पाणी आहे, कॅरम आहे, मासिकं आहेत आणि बोलायला बंदी नाही. ग्रंथपाल बाहेर आपल्या टेबलावर असतोच. नजर आहे, कान नाही. भर दुपारी, जेव्हा मैदानाचा उपयोग नसतो, तेव्हा हीच जागा उपयोगाची.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. नगरपालिकेच्या स्वतःच्या शाळांची मैदानं मे महिन्यात संध्याकाळी सहा ते रात्री नऊ दिव्यासकट उघडी ठेवा. तिथे एक पुरुष आणि एक स्त्री अशी दोन माणसं नेमा; त्यांनी शिकवायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, फक्त हजर राहायचं. दोघांना दीड महिन्याचं बरं मानधन दिलं तरी खुल्या व्यायामशाळेच्या एका संचापेक्षा खर्च कमी येईल. स्वच्छतागृह उघडं, धुतलेलं आणि पाणी असलेलं ठेवा, नाही तर मुली दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. गावाजवळची एक बारमाही विहीर किंवा तलाव निवडून तिथे पोहायला शिकवणारा माणूस सुट्टीभर बसवा. प्रत्येक शेततळ्याला कुंपण आणि आरपार बांधलेला, गाठी मारलेला दोर असल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नका; एका दोरानं दोन जीव वाचतात. वाचनालयाला अनुदान देताना किशोरांच्या खोलीबद्दल विचारा. आणि हे सगळं ठरवण्याआधी आठवी ते बारावीच्या वीस मुला-मुलींना सभागृहात बोलावून, त्यांना काय हवंय ते ऐकून घ्या. त्यांच्यासाठी आखलेल्या कुठल्याही योजनेत आजवर हे झालेलं नाही.

यांतलं एकही काम मंत्रालयावाचून अडलेलं नाही. मैदान तुमचं, दिवा तुमचा, कुलपाची किल्लीही तुमच्याच शिपायाकडे आहे. पण फाटक उघडून भागणार नाही. मैदानावर माणसं लागतील आणि ती ठरावानं येत नाहीत. म्हणून शेवटचं सांगणं नगरसेवकांना नाही, या लेखाच्या वाचकांना आहे. तुमची संध्याकाळची शतपावली, तुमच्या चार मित्रांची बैठक, तुमचा भाजी निवडण्याचा तास या मे महिन्यात त्या मैदानाच्या कडेला आणा. मुलांना उपदेश करू नका, त्यांच्या घरी फोन करू नका, तिथे कोण कुणाशी बोलतं याची नोंद ठेवू नका. नुसते तिथे असा.